बी न धरणाऱ्या फुलांचा वंश : एदो शहरातील असागाओ वेलीचा इतिहास

१/
सन १८५४. अमेरिकन आरमाराच्या वाफेवर चालणाऱ्या नौका जपानच्या किनाऱ्याशी उभ्या होत्या आणि मार्च महिन्यात तोकुगावा शासनाला कानागावाचा तह मान्य करावा लागला. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेली व्यवस्था हादरत होती. त्याच वर्षी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एका वेलीच्या फुलांची रंगीत चित्रपुस्तके छापली जात होती आणि ती हौसेने विकत घेतली जात होती. वेलीचे नाव असागाओ, अर्थात ‘प्रभातमुख’. राज्य डळमळत असताना एक शहर एका वर्षायू वेलीत इतके का रमले होते, आणि त्या छंदातून कोणते ज्ञान उभे राहिले, याचा हा आढावा.

२/
प्रथम वेलीची ओळख. असागाओ ही रताळ्याच्या कुळातील वेल. सर्वसाधारणपणे ‘मॉर्निंग ग्लोरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलींपैकी ही एक. उन्हाळ्याच्या तोंडावर बी पेरावे, वेल आधाराला वेढे घालत चढते, पहाटे कर्ण्यासारखे फूल उमलते आणि ऊन चढू लागताच मिटते. जपानच्या थंडीत वेल मरते. उरते ते फक्त बी. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘काळादाणा’ म्हणून जे रेचक बी मिळते, ते याच जातीच्या वेलीचे.

३/
जपानमध्येही ही वेल आली ती शोभेसाठी नव्हे, तर औषध म्हणून. आठव्या शतकाच्या सुमारास, चीनशी विद्या आणि वस्तूंची देवाणघेवाण जोरात असताना, तिचे बी रेचक म्हणून आणले गेले. त्याचे चिनी नाव ‘बैल ओढून नेणारे बी’ अशा अर्थाचे. या मोलाच्या औषधाच्या बदल्यात कुणीतरी आपला बैल देऊन टाकला, अशी त्यामागची आख्यायिका सांगितली जाते.

४/
पुढील अनेक शतके असागाओ म्हणजे निळे फूल, हेच समीकरण राहिले. अकराव्या शतकाच्या प्रारंभीच्या ‘गेन्जी मोनोगातारी’ या प्रसिद्ध गद्यकृतीतील एका प्रकरणाला याच फुलाचे नाव आहे. क्षणभंगुरतेची खूण म्हणून कवींना ते प्रिय होते. सतराव्या शतकापासून पांढऱ्या व अन्य रंगांच्या फुलांच्या नोंदी वाढू लागतात. तरीही ही एक साधी, सुंदर, घरोघरी रुजणारी वेलच होती. तिचे रूपांतर घडले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी.

५/
१८०६ मध्ये एदो शहर भीषण आगीत होरपळले. लाकूड आणि कागद यांनी बांधलेल्या या महानगराला आगी नव्या नव्हत्या. पण या आगीने मोठमोठे भाग उजाड केले. शिताया या भागातील मोकळ्या झालेल्या जागेत माळ्यांनी असागाओची लागवड केली आणि तेथून या वेलीचे वेड शहरभर पसरले, असे परंपरेने सांगितले जाते. एक हंगामात उगवून फुलणारी, कुंडीत मावणारी, फार भांडवल न मागणारी ही वेल जळालेल्या शहराला सहज परवडणारी होती.

६/
शितायाला लागूनच ओकाचिमाची हा परिसर होता. ‘काची’ म्हणजे पायी चालणारे, कनिष्ठ दर्जाचे सामुराई. त्यांची ही वस्ती. कमरेला तलवार आणि समाजात मान होता, पण तांदळात मोजला जाणारा तनखा पिढ्यानपिढ्या तोच राहत असे आणि महागाई मात्र वाढत असे. उघडपणे व्यापार करणे त्यांच्या प्रतिष्ठेला न शोभणारे. मग जोडधंदे आले. ओकुबो भागातील बंदूकधारी पथकांतील सामुराई अझेलियाची झुडपे वाढवीत. ओकाचिमाचीतील सामुराई असागाओ लावीत. पथकाला मिळालेल्या सामायिक जागेत एकत्र श्रम करण्याची सवय त्यांच्या कामी आली.

७/
असागाओच्या वेडाच्या दोन मोठ्या लाटा इतिहासात ओळखल्या जातात. पहिली १८०४ ते १८३० या काळातली. ओसाका शहरही तिच्यात मागे नव्हते; १८१५ आणि १८१७ मध्ये केवळ या वेलीच्या प्रकारांना वाहिलेले ग्रंथ निघाले. त्यानंतर १८३० च्या दशकातील दुष्काळ आणि त्यापाठोपाठ आलेले काटकसरीचे सरकारी निर्बंध यांनी अशा छंदांना ओहोटी लागली. दुसरी लाट १८४८ ते १८६० च्या दरम्यान आली. प्रारंभी उल्लेखिलेली पुस्तके याच लाटेतली.

८/
या पुस्तकांतील चित्रे पाहिली, तर ही असागाओच आहे यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. एका फुलाच्या कर्ण्याच्या चिरफळ्या होऊन बारीक पट्ट्या लोंबत आहेत. दुसऱ्यात पाकळ्यांच्या आत पाकळ्या इतक्या दाटल्या आहेत की ते लहानसे कमळ वाटावे. तिसऱ्यात पाकळ्या नळ्यांसारख्या वळून त्यांची टोके बाहेर फिरली आहेत. पाने कुठे विलोच्या पानांसारखी निमुळती, कुठे चुरगळलेली, कुठे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. अशा वेलींना जपानीत ‘हेन्का असागाओ’, म्हणजे ‘रूप पालटलेली असागाओ’ म्हणतात.

९/
त्यांच्या नामकरणाची पद्धतही लक्षणीय आहे. नाव म्हणजे काव्यमय बिरूद नव्हे, तर वर्णनांची क्रमवार साखळी : आधी पानाचा रंग, मग त्यावरची नक्षी, मग पानाचा आकार, नंतर फुलाचा रंग, फुलाची ठेवण आणि शेवटी ते दुहेरी पाकळ्यांचे आहे की नाही. नाव वाचताच जाणकाराच्या डोळ्यांसमोर संपूर्ण वेल उभी राहावी. आजचा आनुवंशिकीचा अभ्यासक ते नाव वाचतो, तेव्हा त्याला त्यात जवळजवळ बदललेल्या जनुकांची यादीच दिसते.

१०/
आता खरा पेच. यांपैकी अत्यंत विलक्षण फुले बी धरीत नाहीत. कारण सरळ आहे. दाट पाकळ्यांच्या फुलात ज्या जादा पाकळ्या दिसतात, त्या पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या जागी आलेल्या असतात. जे अवयव बी निर्माण करायचे, तेच पाकळ्या होऊन बसले. चिरफळलेल्या आणि नळीदार फुलांतही बीजधारणेचे अवयव अनेकदा निकामी असतात. सौंदर्याची किंमत वंशाने मोजलेली असते.

११/
हापूसचे झाड उत्कृष्ट निघाले, तर त्याचे कलम बांधता येते; तेच झाड शेकडो बागांत वाढत राहते. जपानची प्रसिद्ध ‘सोमेई योशिनो’ चेरी याच रीतीने देशभर पसरली. परंतु असागाओ वर्षायू. हिवाळा आला की वेल संपली. पुढच्या वर्षापर्यंत पोहोचण्याचा तिचा एकमेव मार्ग बी हाच. आणि सर्वांत मोलाच्या वेलीला बीच नाही. तरीही एदोचे बागवान तेच फूल पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्याच्या पुढच्याही, पुन्हा उभे करीत. ते कसे?

१२/
याचे उत्तर त्यांच्या परिभाषेत दडलेले आहे. बी न धरणारी अद्भुत वेल ती ‘देमोनो’, म्हणजे प्रकट झालेली, नजरेत भरणारी वस्तू. आणि तिच्याच सोबत, एकाच वेलीच्या बियांतून उगवलेली, दिसायला अगदी सामान्य असलेली भावंडे. त्यांतील निवडक वेली त्या ‘ओयागी’, म्हणजे जनक झाडे. बागवानांच्या ध्यानात आले होते की देमोनोचा वंश देमोनोतून चालत नाही, तो तिच्या साध्या भावंडांतून चालतो. म्हणून प्रदर्शनाला देमोनो न्यायची आणि बी मात्र ओयागीचे राखायचे.

१३/
आजच्या भाषेत याचा खुलासा असा. देमोनोचे रूप अप्रभावी जनुकामुळे येते. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच ते दिसते. एकच प्रत बदललेली असेल, तर वेल साधी दिसते, पण गुण पोटात वाहून नेते. अशा वाहक वेलीच्या बियांतून सरासरी ४ रोपांमागे १ देमोनो निघते, २ वाहक निघतात आणि १ पूर्णपणे साधी. असागाओचे फूल उमलण्याच्या सुमारासच बहुधा स्वतःच्या परागाने फलित होते, त्यामुळे बाहेरचा पराग येऊन हा हिशेब फारसा बिघडत नाही.

१४/
येथेच बागवानाच्या चिकाटीची कसोटी होती. साध्या दिसणाऱ्या ३ भावंडांपैकी २ वाहक आणि १ रिकामे. पण बाहेरून तिघे सारखेच. डोळे मिटून एकाच भावंडाचे बी राखले, तर वंश गमावण्याची शक्यता ३ मध्ये १. दोन भावंडांचे राखले तर ९ मध्ये १, तिघांचे राखले तर २७ मध्ये १. म्हणजे अनेक साध्या वेलींचे बी वेगवेगळ्या पुड्यांत ठेवायचे, पुढच्या वर्षी सगळे पेरायचे, आणि कोणत्या पुडीतून देमोनो निघते ते पाहायचे. कोणती वेल खरी ‘जनक’ होती हे तिच्या संततीवरूनच कळणार, आणि तोवर ती वेल मरून गेलेली असणार.

१५/
एकाच फुलात दोन गुण हवे असतील, तर प्रमाण १६ मध्ये १ वर जाते. तीन हवे असतील तर ६४ मध्ये १. चित्रपुस्तकांतील कित्येक फुलांत असे दोन-तीन बदल एकत्र आहेत. एका कुंडीतल्या नवलामागे टाकून दिलेल्या रोपांचा ढीग असे. रोपे फार वाढण्याआधीच निवड उरकण्यासाठी जाणकार बीजदले पाहत. त्यांच्या आकारावरून आणि रंगावरून पुढे वेल कशी होणार याचा अंदाज घेता येई. ही नजर पोथीतून येत नाही. ती वर्षानुवर्षे रोपांवर वाकल्यानेच येते.

१६/
या छंदाने समाजातील उंचसखल भागही काही काळ जोडले. दुसऱ्या लाटेतील अग्रणी नाव नारिताया तोमेजिरो यांचे. पेशाने माळी, आणि काबुकी रंगभूमीवरील इचिकावा दान्जुरो घराण्याचे चाहते. त्या घराण्याचीच ‘नारिताया’ ही उपाधी त्यांनी आपल्या धंद्याला लावून घेतली. १८५४ चे ‘सान्तो इच्चो’ हे चित्रपुस्तक त्यांचेच. शीर्षकाचा आशय ‘तीन महानगरांची एक प्रभात’ असा. ती तीन नगरे म्हणजे एदो, क्योतो आणि ओसाका. त्यांच्या जोडीला होते नाबेशिमा नाओताका, एदोच्या नगरप्रशासनात सर्वोच्च पदांपैकी एक भूषविलेले उच्चकुलीन सामुराई. माळी आणि दंडाधिकारी एकाच वेलीच्या निमित्ताने एकत्र येत होते.

१७/
फुलांच्या स्पर्धा भरत. निकाल सुमो कुस्तीच्या क्रमवारी-पत्रकांच्या धर्तीवर छापले जात, पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंत श्रेणीनुसार नावे मांडून. १८५४ मध्येच ‘असागाओ सान्जुरोक्कासेन’ हा ३६ निवडक फुलांचा संग्रह निघाला. चित्रकार होते हात्तोरी सेस्साई. याच शतकाच्या पूर्वार्धात सुझुकी किइत्सू यांनी सोनेरी पार्श्वभूमीवर निळ्या असागाओंनी भरलेली पडद्यांची जोडी रंगवली. ती आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यात मात्र विचित्र रूपे नाहीत. तीच जुनी निळी वेल आहे. दोन्ही आवडी एकाच काळात नांदत होत्या.

१८/
या इतिहासावर बोलताना एक मोह टाळावा लागतो. ‘मेंडेलच्या आधीच जपान्यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधले’ असे विधान ऐकायला आकर्षक आहे, पण ते खरे नाही. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ चा. त्यांनी हजारो रोपे मोजली, प्रमाणे मांडली आणि त्यामागे एक अमूर्त नियम असल्याचे दाखवले. एदोच्या बागवानांनी तसा नियम मांडला नाही. त्यांना तो हवाही नव्हता. त्यांना पुढच्या उन्हाळ्यात तेच फूल हवे होते.

१९/
परंतु याच्या उलट टोकाचे विधान, म्हणजे ‘हा निव्वळ योगायोग आणि नशीब’, तेही तितकेच चुकीचे. गुण दिसत नसतानाही असू शकतो, तो साध्या भावंडातून पुढे जातो, आणि त्यासाठी भावंडांचे बी वेगळे राखावे लागते, हे त्यांना नेमकेपणाने ठाऊक होते आणि त्यावर त्यांची उपजीविका अवलंबून होती. नियम न मांडताही व्यवहार अचूक असू शकतो. विज्ञानाच्या इतिहासात अशा हातांच्या ज्ञानाला स्वतंत्र स्थान द्यावे लागते. त्याला सिद्धान्ताची अपुरी आवृत्ती समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

२०/
मुळात इतकी विविध रूपे याच वेलीत का निर्माण झाली? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी या वेलीत ‘टीपीएन१’ नावाचा ट्रान्सपोझॉन शोधला. ट्रान्सपोझॉन म्हणजे जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारणारा डीएनएचा तुकडा. तो एखाद्या जनुकात जाऊन बसला, की ते जनुक बिघडते. २०१६ मध्ये या वेलीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या कुटुंबाचे ३३९ तुकडे आढळले. एदोतील बहुतेक नवलांच्या मुळाशी हे भटके तुकडेच असल्याचे दिसते.

२१/
काही रूपांचा उलगडा तर थक्क करणारा आहे. दाट पाकळ्यांचे फूल हे पुंकेसर-स्त्रीकेसर घडवणाऱ्या जनुकात असा तुकडा शिरल्याने होते. ‘शिदारे’ या प्रकाराची वेल आधाराला वेढे घालत नाही, नुसती खाली लोंबते. २००५ मध्ये स्पष्ट झाले की तिच्या खोडात गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत. वर कुठे आणि खाली कुठे हेच न कळल्याने ती चढू शकत नाही. वेली कशा चढतात, या प्रश्नाचे एक उत्तर अशा रीतीने न चढणाऱ्या शोभेच्या वेलीने दिले.

२२/
१८६८ नंतर सामुराईंचे तनखे आणि दर्जा दोन्ही गेले. ओकाचिमाचीत घरे दाटली आणि असागाओचे केंद्र जवळच्या इरिया भागात सरकले. मेइजी काळात इरियाची फुले पाहायला पहाटे गर्दी होई. पण शहर वाढत गेले, जमीन महागली आणि १९१३ मध्ये इरियातील अखेरच्या असागाओ-माळ्यानेही तेथील व्यवसाय गुंडाळला. दरम्यान लोकांची आवडही बदलली होती. साध्या घडणीची, पण आकाराने भव्य फुले अधिक मानाची झाली. त्यांच्या बिया सहज धरतात आणि त्यांना ओयागीचा खटाटोप लागत नाही.

२३/
हेन्का असागाओचा वंश तुटण्याच्या बेताला आला तेव्हा विज्ञान मदतीला आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इमाई योशिताका, हागिवारा तोकिओ आदी अभ्यासकांनी आनुवंशिकीच्या संशोधनासाठी हीच वेल निवडली. महायुद्धाच्या वर्षांत शोभेच्या फुलांसाठी जमीन आणि मनुष्यबळ दोन्ही दुर्मीळ होते. पुष्कळ प्रकार त्या काळात नाहीसे झाले. जे उरले ते मोजक्या हौशी बागवानांनी आणि संशोधकांनी राखलेले. पुढे मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत आणि त्यानंतर क्यूशू विद्यापीठात हा बीजसंग्रह वाढवला गेला. आजही तेथे देमोनोचे वंश त्याच जुन्या पद्धतीने, साध्या भावंडांमार्फत, राखले जातात.

२४/
जे गेले ते मात्र गेलेच. एदोच्या नोंदींत पिवळ्या असागाओचे उल्लेख आहेत, पण तो वंश टिकला नाही. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दुसऱ्या फुलझाडाची जनुके घालून फिकट पिवळे फूल देणारी असागाओ तयार केली. ती विज्ञानाची कामगिरी खरी, परंतु ती एदोची पिवळी वेल नव्हे. चित्रातून वा वर्णनातून बी परत मिळत नाही. वर्षायू वनस्पतीच्या बाबतीत, बियांची उगवणशक्ती संपेपर्यंत कुणी ते पेरलेच नाही, तर शतकांचा वंश कोणताही आवाज न होता संपतो.

२५/
१९४८ मध्ये, बाँबहल्ल्यांनी जळालेल्या टोकियोत, इरियाचा असागाओ-बाजार पुन्हा सुरू झाला. तो आजही ६, ७ आणि ८ जुलै या तीन दिवशी भरतो. ७ जुलै हा तानाबाता सणाचा दिवस. त्या कथेतील गुराखी-ताऱ्याच्या चिनी नावात आणि या वेलीच्या जुन्या औषधी नावात तोच बैल आहे. साकुरा येथील जपानी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वनस्पतिउद्यानात दर उन्हाळ्यात पारंपरिक असागाओंचे प्रदर्शन मांडले जाते. एदोतील चित्रांतली रूपे तेथे जिवंत पाहता येतात.

२६/
या साऱ्या कथेत चित्रकारांचे लक्ष मुख्यत्वे देमोनोकडे गेले. क्रमवारी-पत्रकांत नावे छापली गेली ती देमोनोंची, दाद मिळाली ती देमोनोंना. ओयागीची चित्रे काढावीत असे फारसे कुणाला वाटले नाही, कारण तिच्यात पाहण्यासारखे काही नव्हते : चार साधी पाने आणि एक साधे फूल. पण पुढच्या उन्हाळ्याकडे जाणारा रस्ता तिच्यातूनच जात होता, आणि कोपऱ्यातल्या कुंडीला न विसरता पाणी घालणाऱ्या बागवानाला ते माहीत होते. १८५४ च्या चित्रांतील फुले आजही उमलतात, याचे श्रेय त्या न रंगवलेल्या वेलींना आणि दर शरदात त्यांचे बी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवणाऱ्या हातांना आहे.

(थ्रेड समाप्त)